तिथले हॉलिवूड आपण होतो : फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे आणि चित्रपट महोत्सवांचे कार्यकर्ते, निवड समित्यांचे सभासद, आणि खेळ सुरू होण्याआधी माईक हातात घेऊन दोन मिनिटं बोलणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात एका सोसायटीच्या तीन दिवसांच्या ‘आशियाई सिनेमा’ कार्यक्रमाला गेलो होतो. जपानचे तीन, कोरियाचे दोन, इराणचे दोन आणि इंडोनेशियाचा एक. तो एक भुताचा. भुताबद्दल तक्रार नाही, भूत झकास होतं. तक्रार आहे ती खेळाआधीच्या एका वाक्याबद्दल. निवेदक म्हणाले, “इंडोनेशियात सिनेमाची परंपरा अशी फारशी नव्हती, हल्ली हल्ली बरं काम होऊ लागलंय.” सभागृहात दोनशे माणसं होती आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असती, पण माझी साडेतीन वर्षं मध्ये आली.

मी मूळचा इचलकरंजीचा, धंद्यानं वीव्हिंग मास्टर. इंडोनेशियात बांडुंगजवळ माजालाया नावाचं गाव आहे, लुंग्यांचं आणि मागांचं. तिथल्या एका मिलमध्ये साडेतीन वर्षं काढली. माजालाया म्हणजे तिथली इचलकरंजीच समजा: तोच खडखडाट, तीच उधारी, तोच चहा, फक्त बिनदुधाचा. संध्याकाळी करायला काही नसे म्हणून मी टीव्हीवर जुने सिनेमे बघून भाषा शिकत बसे. नवी भाषा आली की माणूस ती मिरवतोच. एकदा आमच्या फिटरला मी सिनेमात ऐकलेलं अख्खं वाक्य जसंच्या तसं टाकलं. पन्नाशीचा माणूस, घरी सुंडा, म्हणजे पश्चिम जावाची भाषा, बोलणारा. तो खो खो हसला आणि म्हणाला, “पाक (म्हणजे साहेब), असं फक्त सिनेमातले लोक आणि मंत्री बोलतात.”

हे पत्र त्या वाक्यातून निघालं आहे. पण त्याच्याकडे थोड्या वेळानं येतो. आधी १९५७ सांगतो, कारण त्यात आपण आहोत.

१९५७ च्या मार्च महिन्यात इंडोनेशियन निर्मात्यांच्या संघटनेनं स्टुडिओ बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. कारण काय, तर भारतीय चित्रपट. त्या काळी जाकार्तात अमेरिकन सिनेमे वरच्या दर्जाच्या थिएटरांत लागत, पंखे-खुर्च्यांच्या. तिथे देशी सिनेमाला सहसा दारातच उभं करत नसत. देशी सिनेमाच्या वाट्याला खालच्या दर्जाची थिएटरं, कामगारवस्तीतली, आणि तिथे त्याच्या आधीच येऊन बसलेला असायचा आपला सिनेमा. गाणी, नाच, आईचे अश्रू, शिवाय स्वस्त. आयात करणाऱ्याला एक भारतीय रीळ आणून लावणं हे देशी सिनेमा काढण्यापेक्षा कितीतरी सोपं. अमेरिकेशी त्यांची थेट गाठच पडत नव्हती. गळा आपण धरला होता.

मराठी माणसाला हे ऐकताना गंमत वाटायला हवी, किंवा लाज, किंवा दोन्ही. हिंदीमुळे आम्हाला थिएटर मिळत नाही, संध्याकाळचा खेळ मिळत नाही, हे गाऱ्हाणं आपल्याकडे दर चार-सहा महिन्यांनी वर्तमानपत्रात येतं आणि ते खरंही आहे. पण समुद्रापलीकडे एका नव्या देशाचा सिनेमा नेमकं हेच गाऱ्हाणं मांडत होता आणि त्यात हिंदीच्या जागी ‘फिल्म इंडिया’ होता. तुमच्या आशियाई पॅकेजच्या पुस्तिकेत हे कुठेच नसतं. इंडोनेशियाच्या आधी किमान एवढं तरी सांगा, एवढंच म्हणायला खरं तर मी कागद घेतला होता. पण लिहायला बसलो आणि गोष्ट वाढली.

त्या संपाच्या केंद्रापाशी जो माणूस होता, तो उस्मार इस्माईल. १९२१ साली सुमात्रातल्या बुकिटिंगीत जन्मला, १९७१ च्या जानेवारीत गेला. पन्नाशीही गाठली नाही. ३० मार्च १९५० हा त्याच्या ‘दाराह दान दोआ’, म्हणजे ‘रक्त आणि प्रार्थना’, या चित्रपटाच्या चित्रीकरणाचा पहिला दिवस. हाच तिथला पहिला ‘राष्ट्रीय’ चित्रपट असं मानून १९९९ साली राष्ट्राध्यक्ष हबीबींनी आदेश काढून याच तारखेला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून मान्यता दिली. २०२१ साली उस्मारला ‘राष्ट्रवीर’ ही पदवीही मिळाली. आता गंमत बघा. ज्या सिनेमाचा दिवस राष्ट्र पाळतं, त्या सिनेमात काय आहे? डच फौजांच्या कचाट्यातून इंडोनेशियन लष्कराची सिलिवांगी डिव्हिजन योग्याकार्ताहून पश्चिम जावाकडे पायी परत निघते, त्या कूचाची कथा. पण तिचा नायक, कॅप्टन सुदार्तो, कुठल्याच अंगानं पुतळ्याला शोभणारा नाही. घरी बायको, इथे मन दुसरीकडे, हात कचरणारे, निर्णय डळमळीत. लष्करातून नाराजी उमटली. क्रांती, म्हणजे डचांविरुद्धची स्वातंत्र्याची लढाई, इतकी गोंधळलेली असते का, असा प्रश्न होता. उस्मारचं उत्तर सिनेमातच होतं: आम्ही तिथे होतो, अशीच होती.

आणि हा ‘पहिला’ कसा? त्याआधी सिनेमे नव्हते? भरपूर होते. १९२६ साली बांडुंगमध्येच ‘लुतुंग कासारुंग’ हा चित्रपट निघाला, सुंडा लोककथेवर. दिग्दर्शक ह्यूवेलडॉर्प नावाचा डच माणूस, बांडुंगच्या सरदारांचा पाठिंबा, त्यांच्याच घरातली मुलं पडद्यावर. आज त्याची प्रत उरलेली नाही. पुढे शांघायहून आलेले वाँग बंधू, द तेंग चुन, टॅन्स फिल्म ही कंपनी अशा चिनी वंशाच्या मंडळींनी जावामध्ये सिनेमाचा धंदा उभा केला. १९३७ चा ‘तेरांग बुलान’ तर असा चालला की पुढची कित्येक वर्षं सगळे त्याचीच नक्कल करत राहिले. खुद्द उस्मारनंही १९५० च्या आधी एका डच कंपनीसाठी दोन सिनेमे केले होते. पण ते तो आपले मानायला तयार नव्हता. हात आपला असला तरी हुकूम दुसऱ्याचा होता, म्हणून.

मिस्बाख युसा बिरान यांनी १९७५ मध्ये सिनेमातेक इंडोनेशिया हे संग्रहालय सुरू केलं. आग्नेय आशियातलं अशा तऱ्हेचं ते पहिलंच. त्यांनी हीच मांडणी इतिहासात पक्की केली: राष्ट्राची जाणीव ठेवून काढलेला तो राष्ट्रीय चित्रपट, बाकीचे नुसते इथे काढलेले. मला मिस्बाख यांच्याबद्दल आदर आहे, त्यांच्याशिवाय अर्ध्या गोष्टी आज कुणाला ठाऊकच नसत्या. पण ही रेघ मला पटत नाही. कुणाचा दिवस पाळायचा हे ठरवताना कुणाला वगळायचं हेही ठरतं. इथे चिनी वंशाचे निर्माते वगळले गेले.

रेघ किती वेडीवाकडी आहे हे बघायचं असेल तर हुयुंग यांची गोष्ट ऐका. जन्मानं कोरियन, नाव हुर यंग. जपानमध्ये हिनात्सु एइतारो हे जपानी नाव घेऊन राहिला, जपानी साम्राज्यासाठी प्रचारपट काढला. युद्धकाळात जावामध्ये आला, तिथेही जपान्यांचं काम केलं. जपान हरल्यावर परत गेला नाही, इंडोनेशियन क्रांतीच्या बाजूला राहिला आणि योग्याकार्तात तरुणांना नाटक-सिनेमा शिकवू लागला. मग १९५० मध्ये त्यानं ‘आंतारा बुमी दान लांगित’, म्हणजे ‘पृथ्वी आणि आकाशाच्या मध्ये’, हा सिनेमा काढला. विषय काय, तर अर्धे डच, अर्धे इंडोनेशियन असलेल्या माणसांचं नागरिकत्व. तीन देशांत तीन नावांनी जगलेल्या माणसानं हा विषय निवडावा! १९५२ मध्ये तो जाकार्तातच वारला. इंडोनेशियन सिनेमाचा चेहरा शोधायला निघालात तर तुम्हाला आधी हा कोरियन माणूस भेटतो.

आता ‘लेवात जाम मालाम’. याच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही एकच इंडोनेशियन सिनेमा दाखवणार असाल तर तो हा असावा, असं माझं ठाम मत आहे. शब्दशः अर्थ ‘संचारबंदीच्या वेळेनंतर’. १९५४ साल, दिग्दर्शक उस्मार, पटकथा असरुल सानी यांची. इस्कंदर नावाचा तरुण क्रांती संपल्यावर बांडुंगला परततो. होणाऱ्या सासऱ्यानं गव्हर्नर कचेरीत नोकरी लावून दिलेली. टेबल, फाईल, टाय. पहिल्याच दिवशी भांडण. मग एका रात्रीत तो जुन्या सोबत्यांकडे फिरतो. एक कंत्राटदार झालाय, सरळमार्गी. एक जुगारात आणि बायकांच्या धंद्यात. आणि त्यांचा जुना म्होरक्या, गुनावान, बडा शेठ. हळूहळू कळतं की ज्या कुटुंबाला ‘फितूर’ म्हणून मारायला त्यानं इस्कंदरला सांगितलं होतं, त्यांच्याच दागिन्यांवर गुनावानचा धंदा उभा आहे.

या सिनेमात लैला नावाची एक वेश्या आहे. ती परदेशी मासिकांतली चित्रं कापून जपून ठेवते: फर्निचर, कपडे, घरं. जे आपल्याला कधीच मिळणार नाही त्याची ती वही. स्वातंत्र्याबद्दल इतकं कडू आणि इतकं मऊ काही मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि मी हा सिनेमा बांडुंगपासून तासाभराच्या अंतरावर बसून पाहिला, खोलीत, लॅपटॉपवर, बाहेर रात्रपाळीचे माग चालू असताना. ज्या गावात मी रविवारी भाजी आणायला जायचो त्याच गावाच्या रस्त्यावर इस्कंदर पळत होता.

त्याचं जुनं निगेटिव्ह सिनेमातेकमध्ये होतं, बुरशी लागलेलं. सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयानं आणि मार्टिन स्कॉर्सेसींच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशननं पैसा घातला, इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत दुरुस्ती झाली, आणि २०१२ साली कान चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. म्हणजे उत्तम, सबटायटलवाली प्रत आज मिळू शकते. ‘प्रिंट मिळत नाही’ हे कारण या बाबतीत चालणार नाही, एवढं नम्रपणे सांगतो.

याच वर्षी, १९५४ साली, आपल्याकडे ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. दोन नवे देश, दोन सिनेमे. एकात आई संस्कार करते, दुसऱ्यात सैनिक स्वतःच्या हातांकडे बघत बसतो. दोन्ही एकाच आठवड्यात दाखवा. प्रेक्षकांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

पण ‘लेवात जाम मालाम’नं पेरफिनीची, म्हणजे उस्मारच्या कंपनीची, तिजोरी भरली नाही. म्हणून त्यानं ‘तिगा दारा’ काढला. तीन बहिणी, थोरलीचं लग्न जमेना, आजीची काळजी, गाणी. तुफान चालला. उस्मारला मात्र त्याचा म्हणे संकोचच वाटायचा. मला हा सिनेमा आवडतो आणि मला तो संकोच अनाठायी वाटतो. कारण बघा, त्यात मुली स्कूटरवरून फिरतात, जाकार्ताच्या दिवाणखान्यात ‘चा-चा-चा’च्या ठेक्यावर मलय शब्द गातात, आणि सगळं इतकं सहज आहे की ‘राष्ट्रीय’ हा शब्द कुणाच्या डोक्यातही येत नाही. शोधायला गेल्यावर जे सापडलं नाही ते पैशासाठी काढलेल्या सिनेमात आपसूक आलं.

साठचं दशक मी भरभर सांगतो, कारण ते सावकाश सांगवत नाही. डावे आणि उजवे दोघंही म्हणत होते की राष्ट्रीय सिनेमा आमचा. डाव्यांची ‘लेक्रा’ ही सांस्कृतिक संघटना, तिकडे दिग्दर्शक बाख्तियार सियागियान. दुसरीकडे नहदातुल उलामा या मुस्लिम संघटनेशी जोडलेली ‘लेसबुमी’, तिथे उस्मार आणि असरुल सानी. १९६४ साली डाव्यांनी अमेरिकन चित्रपटांवर बहिष्कार पुकारला. १९६५ च्या ऑक्टोबरनंतर डाव्यांच्या कत्तली झाल्या. लाखोंनी माणसं मेली. बाख्तियारना दहा वर्षांहून अधिक काळ खटल्याशिवाय डांबून ठेवलं. क्रांतीवरचा त्यांचा ‘तुरांग’ १९६० साली राष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्तम ठरला होता. नंतर तो देशातून नाहीसाच झाला. अलीकडे रशियातल्या संग्रहात त्याची प्रत सापडली. तुमच्यापैकी अनेकांनी ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ हा माहितीपट दाखवला आहे, त्यावर चर्चाही ठेवल्या आहेत. त्यातले मेदानचे मारेकरी मूळचे कोण, आठवतं? थिएटरबाहेर तिकिटांचा काळाबाजार करणारी पोरं. अमेरिकन सिनेमे बंद पडले म्हणून त्यांचा धंदा बसला होता आणि डाव्यांवर त्यांचा राग होता. राष्ट्रीय सिनेमा कोणता, हा वाद तिथे परिसंवादात मिटला नाही. त्या माहितीपटाच्या श्रेयनामावलीत तिथल्या कितीतरी तंत्रज्ञांच्या नावाच्या जागी ‘अनामिक’ असं का लिहिलंय, हे तुमच्या चर्चेत कुणीतरी विचारायला हवं होतं.

त्या कत्तलींनंतर सत्तेवर आलेल्या जनरल सुहार्तोंच्या बत्तीस वर्षांत सरकारनंच ठरवून टाकलं की राष्ट्राचा चेहरा कसा असतो. पटकथा आधी माहिती खात्याकडे, मग सेन्सॉरकडे. गोंधळ दाखवा, पण शेवटी व्यवस्था परत आलेली दिसली पाहिजे. आणि १९८४ साली सरकारी कंपनीनं साडेचार तासांचा ‘पेंगखियानातान जी-३०-एस/पीकेआय’ काढला (पीकेआय म्हणजे तिथला कम्युनिस्ट पक्ष). ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री सेनाधिकाऱ्यांचे खून कसे झाले याची सरकारी आवृत्ती. दिग्दर्शक आरिफिन सी. नूर, मोठा नाटककार. दरवर्षी ३० सप्टेंबरला टीव्हीवर, शाळेच्या पोरांना सक्तीनं, १९९७ पर्यंत. त्यातली छळाची दृश्यं शवविच्छेदनाच्या अहवालांशी जुळत नाहीत, हे जगाला कधीच माहीत झालं होतं, पण पोरांना कोण सांगणार? आमचा एक स्टोअरकीपर चाळिशीतला होता. त्याला त्या सिनेमातलं पार्श्वसंगीत अजून तोंडपाठ होतं. गुणगुणून दाखवताना मध्येच थांबला आणि म्हणाला, लहानपणी याच्यामुळे रात्री मोरीत जायची भीती वाटायची. राष्ट्रीय सिनेमा सगळ्या राष्ट्रानं बघितला, असं म्हणता येईल असा तो एकच.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला कायम टोचत राहिली. त्या पिढीचे दोन मोठे दिग्दर्शक म्हणजे विम उम्बोह आणि तेगुह कार्या. विम यांचं जन्मनाव लिम यान युंग, तेगुह यांचं लिम चोआन होक. दोघेही चिनी वंशाचे. सुहार्तो राजवटीत चिनी नावं बदलून घेण्याचा दबाव होता, चिनी लिपी, सण, शाळा सगळं दडपलेलं. आणि याच तेगुह कार्यांनी डचांविरुद्धच्या जावा युद्धावर ‘नोव्हेंबर १८२८’ काढला, जो १९७९ साली देशाचा सर्वोत्तम चित्रपट ठरला. ज्याला स्वतःचं नाव बाहेर ठेवून आत यावं लागलं, त्यानं देशाचा इतिहास पडद्यावर आणला.

त्या दशकांत समीक्षक एकच प्रश्न विचारत होते: या सिनेमात ‘वाजाह इंडोनेशिया’, इंडोनेशियाचा चेहरा, कुठे आहे? भाषा बदलली तर हे हिंदी, हाँगकाँगी किंवा अमेरिकन सिनेमे म्हणून खपतील. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र सगळे चेहऱ्यात शोधत होते: पोशाखात, नाचात, भातशेतीत. मला वाटतं गडबड जिभेवर होती.

आता आमचा फिटर.

२८ ऑक्टोबर १९२८ ला तिथल्या तरुणांनी शपथ घेतली: एक भूमी, एक ‘बांग्सा’, एक ‘बाहासा’. बांग्सा म्हणजे राष्ट्र, आणि शब्द आला ‘वंश’वरून. बाहासा तर उघडच आहे. ती भाषा त्यांनी मलय निवडली, बाजारपेठांची, बंदरांची भाषा. सर्वांत मोठा समाज जावी बोलणारा, पण जावी निवडली नाही. राजकारण म्हणून हे फार शहाणपणाचं होतं. एवढ्या बेटांच्या देशात भाषेवरून फाळणी झाली नाही. पण सिनेमावाल्यांची पंचाईत झाली. सैपाकघरातली आई मुलाला कोणत्या भाषेत रागावेल? खेड्यातली म्हातारी भुताला कोणत्या भाषेत शिव्या देईल? पडद्यावर सगळे पाठ्यपुस्तकातल्यासारखं बोलू लागले, तेही पुष्कळदा डबिंग कलाकाराच्या आवाजात. १९७३ मध्ये श्युमानजायांच्या ‘सी दोएल आनाक बेतावी’मध्ये जाकार्ताच्या मूळ रहिवाशांची बेतावी बोली कानावर पडली तर लोक खूश होऊन गेले. १९८८ चा ‘चुत न्याक धिएन’ सुमात्राच्या उत्तर टोकावरच्या आचे प्रांताच्या भाषेला थोडी जागा देतो. असे अपवाद मोजके.

आपल्याकडे ग्रामीण चित्रपटांत पाटील कोल्हापुरी बोलायचा आणि त्याची शहरात शिकलेली लेक पुस्तकी बोलायची, तेव्हा आपण हसायचो. तिथे सगळं गावच त्या लेकीसारखं बोलत होतं.

दिग्दर्शक गारिन नुग्रोहो आला आणि हे बदलू लागलं. तो कॅमेरा घेऊन सुंबा बेटावर गेला, पापुआत गेला, आचेमध्ये गेला. २००० सालचा ‘पुइसी ताक तेरकुबुरकान’, म्हणजे ‘न पुरता येणारी कविता’, १९६५ साली चुकून बावीस दिवस तुरुंगात पडलेल्या, आचेमधल्या गायो समाजातल्या कवी इब्राहिम कादिरवर आहे, आणि इब्राहिम कादिर त्यात स्वतःचीच भूमिका करतो. कोठडीतून एकेकाचं नाव पुकारलं जातं, माणूस बाहेर जातो, परत येत नाही. साडेचार तासांच्या सरकारी सिनेमाला याहून चांगलं उत्तर कुणी दिलेलं नाही. २००६ चा ‘ओपेरा जावा’ तर तुम्ही दाखवलाच पाहिजे. तो अख्खा गाण्यात आहे, गामेलान या तिथल्या वाद्यवृंदावर, आणि कथा रामायणाची. राम कुंभार, रावण खाटीक, सीता पूर्वी नाचात सीता व्हायची. शेवटी सीतेला कोण मारतं हे सांगत नाही, पण रावण नव्हे. आपल्याकडे रामायणाचा आवाज जितका वाढतोय तितका हा सिनेमा शांतपणे बघण्याची गरज वाढतेय.

सुहार्तोंच्या काळाच्या अखेरीस उद्योग जवळजवळ झोपला होता, राष्ट्रीय महोत्सव १९९२ नंतर बंद पडून थेट २००४ ला परत सुरू झाला. आणि मग जे घडलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. २०१४ मध्ये ‘सिती’ आला, दिग्दर्शक एड्डी चाह्योनो. समुद्रकिनाऱ्यावर खेकड्याची कुरकुरीत वडी विकणारी, रात्री कराओके बारमध्ये काम करणारी, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची बायको. कृष्णधवल, आणि संपूर्ण जावी भाषेत. २०१५ ला त्याला देशाचा सर्वोत्तम चित्रपट ठरवण्यात आलं. दिग्दर्शिका कामिला आंदिनीचा ‘युनी’ सेरांग शहराकडच्या जावीत, तिचाच २०२२ चा ‘नाना’ सुंडा भाषेत, ज्यासाठी अभिनेत्री लॉरा बासुकीला बर्लिन महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला. म्हणजे १९२६ साली ज्या समाजाची लोककथा डच माणसानं चित्रित केली होती, त्या समाजाच्या भाषेत जग सिनेमा ऐकायला लागलं. मी ‘नाना’ इचलकरंजीला परतल्यावर पाहिला. फिटरला फोन करून विचारलं, बोलणं कसं आहे? तो म्हणाला, “माझी आजी अशी बोलायची.” मंत्र्यांचा विषय निघाला नाही.

आणि भुतं? भुतांनाही मी कमी लेखत नाही. २०२२ चा ‘केकेएन दी देसा पनारी’ सुमारे एक कोटी लोकांनी तिकीट काढून पाहिला. जावाच्या खेड्यातलं भूत, जावाचा नाच, जावाच्या लोकसमजुती. निर्माता मनोज पंजाबी, तिथल्या भारतीय वंशाच्या घराण्यातला. १९५७ ला ज्यांच्या सिनेमामुळे स्टुडिओ बंद ठेवावे लागले, त्यांच्याच नातवंडांनी पुढे देशी भूत देशाला विकलं. आपण बाहेरचे होतो, आतले झालो, कधी झालो याची तारीख कुणी नोंदली नाही. माझ्या मिलमध्ये ‘कुछ कुछ होता है’ तोंडपाठ नसलेली बाई शोधून सापडली नसती. त्यांच्या लेखी ते गाणं लहानपणाचं होतं, भारताचं वगैरे नव्हे.

तर माझं मागणं असं. एकच सिनेमा ‘आशियाई’ टोपलीत टाकू नका. एक अख्खा शनिवार-रविवार इंडोनेशियाला द्या. ‘लेवात जाम मालाम’नं सुरू करा, मध्ये ‘तिगा दारा’ ठेवा म्हणजे लोक जेवायला हसत जातील, संध्याकाळी ‘पुइसी ताक तेरकुबुरकान’. दुसऱ्या दिवशी ‘ओपेरा जावा’ आणि ‘सिती’. वाटल्यास रात्री भूत. पुस्तिकेत १९५७ चा परिच्छेद छापा, ‘राष्ट्रीय’ या शब्दाबाहेर राहिलेल्या चिनी आणि कोरियन नावांसकट. आणि जमलं तर सबटायटल मराठीत करा. इंग्रजी वाचता येणाऱ्यांपुरताच जागतिक सिनेमा, हे आता पुरे झालं. आमच्याकडचे मागवाले सिनेमा बघतात, मी हमी घेतो.

मराठी सबटायटलचं काम मी सुरूही केलं आहे. ‘लेवात जाम मालाम’चं जवळपास पूर्ण होत आलंय, पैसे नकोत, फक्त वाचून चुका काढणारा कुणी द्या. अडलोय एकाच शब्दावर. इस्कंदरला सगळे ‘बेकास पेजुआंग’ म्हणतात, म्हणजे जो एके काळी लढला तो. मी पहिल्यांदा ‘स्वातंत्र्यसैनिक’ लिहिलं. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, स्वातंत्र्यसैनिकाला पेन्शन असते, ताम्रपट असतो, एसटीत सवलत असते. या पोराकडे यातलं काय आहे? खोडलं. ‘माजी लढवय्या’ लिहिलं, ते शाहिरी झालं. सध्या ‘लढून आलेला’ असं ठेवलंय. याहून चांगला शब्द सुचला तर कळवा.

आपला,
इचलकरंजीचा एक सभासद, पावती अजून जपून ठेवलेला